कड्यांचे गणित आणि सागराचा ज्वर

परमेश्वराने निर्माण केलेल्या विश्वाविषयी जिज्ञासा बाळगणे हा सद्गुण आहे की चैन, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या कुटुंबांतून तो निराळ्या शब्दांत विचारला जातो. एखाद्या ग्रहाकडे यान रवाना झाल्याची बातमी येते आणि घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "इकडे गरिबाच्या घरी चूल पेटत नाही आणि ह्यांना शनीची पडली आहे!" हा उद्गार अडाणीपणाचा आहे, असे आम्हांला वाटत नाही. त्याच्या मुळाशी करुणा आहे, आणि करुणेने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हे जाणत्यांचे कर्तव्य ठरते.

हाच प्रश्न एका धर्मभगिनीने फार पूर्वी विचारला होता. आफ्रिकेतील झांबिया देशात सेवा करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा यांनी अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेतील शास्त्रज्ञ अर्न्स्ट स्टुलिंगर यांना पत्र लिहिले. पृथ्वीवर इतकी बालके उपाशी असताना मंगळाच्या प्रवासासाठी अफाट पैसा खर्च करण्याचे समर्थन कसे करता येईल, असा त्यांचा रोख होता. ६ मे १९७० रोजी स्टुलिंगर यांनी त्यांना दीर्घ उत्तर पाठविले. त्यात त्यांनी जर्मनीतील एका उदार सरदाराची गोष्ट सांगितली. हा सरदार गोरगरिबांना मदत करीत असे. परंतु काचा घासून सूक्ष्म वस्तू मोठ्या करून पाहणाऱ्या एका छांदिष्ट माणसालाही त्याने आश्रय दिला. लोक संतापले. पुढे त्याच काचांतून सूक्ष्मदर्शक यंत्र घडले, आणि रोगराईशी लढण्याच्या कामी जे दानधर्माला साधले नसते ते त्या यंत्राने साधले. पत्रासोबत त्यांनी चंद्राजवळून टिपलेले पृथ्वीचे छायाचित्रही धाडले होते.

उत्तर सुंदर आहे, पण ते पुरेसे आहे काय? हेच स्टुलिंगर तरुणपणी नाझी जर्मनीच्या अग्निबाणांच्या प्रकल्पात काम करीत होते, हेही इतिहासाला ठाऊक आहे. ज्या विद्येने चंद्र गाठला, तिनेच त्याआधी लंडन आणि अँटवर्प या नगरांवर मृत्यूचा वर्षाव केला होता. म्हणजे विद्या पुढे कधीतरी उपयोगी पडेल एवढ्याने तिचे नैतिक मूल्य ठरत नाही. ते अन्यत्र शोधावे लागेल.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या महाग्रंथात ज्ञानाच्या ओढीचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एक अभ्यासशीलता, ती सद्गुण होय. दुसरे कुतूहल, ते दुर्गुण होय. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण कुतूहलाचे आपण कौतुकच करतो. परंतु संत थॉमस यांचे म्हणणे बारकाईने पाहिले पाहिजे. सत्य जाणणे हे स्वभावतः चांगलेच, हे ते मान्य करतात. बिघाड होतो तो जाणण्याच्या इच्छेत. आपल्यावर कर्तव्य म्हणून येऊन पडलेली गोष्ट जाणून घेण्याचे सोडून माणूस दुसऱ्याच कमी मोलाच्या गोष्टीत रमतो, तेव्हा त्याची जिज्ञासा वाकडी झालेली असते. येथे त्यांनी संत जेरोम यांचा दाखला देऊन शुभवर्तमान बाजूला ठेवून नाटके वाचीत बसणाऱ्या धर्मगुरूंना चिमटाही काढला आहे. तो आम्हांलाही बसतो, हे आम्ही नाकारीत नाही.

ही कसोटी हाती घेऊन प्रथम शनीकडे पाहू. १६१० साली गॅलिलिओने आपली दुर्बीण शनीकडे वळविली तेव्हा त्याला एका ग्रहाच्या दोन्ही बाजूंस दोन गोळे चिकटल्यासारखे दिसले. १६१२ मध्ये ते नाहीसे झाले आणि तो चक्रावून गेला. कडी आपल्या दृष्टीच्या रेषेत आली की दिसेनाशी होतात, हे त्याला कळले नाही. गॅलिलिओ १६४२ साली वारला, आणि १६५९ साली हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्स याने शनीभोवती सपाट कडे आहे असे प्रसिद्ध केले. १६७५ साली जिओव्हान्नी कॅसिनी याला त्या कड्यात एक काळी फट दिसली. पुढे १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने निव्वळ गणिताने दाखवून दिले की, हे कडे अखंड घन असते तर मोडून पडले असते आणि द्रव असते तर विस्कटले असते. तेव्हा ते असंख्य सुट्या कणांचेच असले पाहिजे. एकाही कणाला न पाहता त्याने हे सांगितले आणि पुढे ते खरे ठरले.

आज आपल्याला माहीत आहे की, हे कण बहुतांशी गोठलेल्या पाण्याचे आहेत. काही धुळीएवढे, तर काही घराएवढे. मुख्य कड्यांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर; जाडी मात्र बहुतेक ठिकाणी अवघी दहा मीटरच्या आसपास. मिमास नावाचा उपग्रह शनीला एक फेरी घालतो तेवढ्या वेळात, कॅसिनीने पाहिलेल्या फटीच्या आतल्या काठावरील कण बरोबर दोन फेऱ्या घालतात. या ठरलेल्या वेळच्या ओढीमुळे तो काठ तेथे राखला जातो. डॅफनिस नावाचा जेमतेम आठ किलोमीटर रुंदीचा चंद्र चाळीसएक किलोमीटर रुंदीची एक वाट कड्यातून मोकळी ठेवतो आणि तिच्या दोन्ही काठांवर लाटा उमटवतो. या रचनेतून ओढूनताणून प्रवचन काढण्याचा मोह आम्ही टाळतो. ती आहे तशीच पाहिली तरी मन नम्र होते.

ही कडी चिरंतनही नाहीत. १९९७ साली निघालेले 'कॅसिनी' यान २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षे शनीभोवती फिरले आणि शेवटच्या महिन्यांत कडी व ग्रह यांमधून बावीस वेळा गेले. त्या मोजमापांवरून अनेक शास्त्रज्ञ असे मानतात की, ही कडी सुमारे दहा ते चाळीस कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे ग्रहाच्या मानाने कालपरवाची आहेत. काही जण मात्र त्यांना पुरातन समजतात. वाद अद्याप मिटलेला नाही. कड्यांतील द्रव्य पावसासारखे शनीवर पडत आहे, आणि काही कोटी वर्षांत ती विरून जातील असा अंदाज आहे. त्यांच्या नाशाचे पाप कोणाच्याही माथी नाही. त्यांच्याविषयी आपले एकच कर्तव्य आहे: नीट पाहणे आणि खरे सांगणे.

आता त्या यानाच्या अखेरीविषयी सांगितले पाहिजे, कारण आमच्या विषयाचे मर्म तेथे आहे. शनीचा एन्सेलाडस नावाचा सुमारे पाचशे किलोमीटर व्यासाचा चंद्र आहे. त्याच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून पाण्याच्या वाफेचे व हिमकणांचे फवारे उडतात, असे २००५ साली कॅसिनीने दाखविले. शनीचे एक विरळ बाहेरचे कडे या फवाऱ्यांतूनच पोसले जाते. त्या चंद्राच्या बर्फाखाली खारट पाण्याचा सागर आहे, आणि तेथे जीवसृष्टी असू शकेल अशी शक्यता आहे. निश्चित काही नाही, केवळ शक्यता. यानाचे इंधन संपत आले तेव्हा ते भरकटून त्या चंद्रावर आदळले तर पृथ्वीवरील सूक्ष्म जंतू तेथील पाण्यात जातील, अशी भीती शास्त्रज्ञांना वाटली. म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांनी ते शनीच्या वातावरणात लोटले आणि जळू दिले.

वाचकहो, या कृतीचा अर्थ लक्षात घ्यावा. कोणी पाहिला नाही असा सागर, त्यात असेल की नाही याची खात्री नसलेला जीव, आणि त्याला बाधा होऊ नये म्हणून माणसाने आपल्या हातची अमोल वस्तू स्वतःहून नष्ट केली. त्यात कोणाचा नफा नव्हता. ज्याला आपण शेजारधर्म म्हणतो, तो तेथे शंभर कोटी किलोमीटरहून दूर पाळला गेला. कड्यांचा इतका काळ अभ्यास केलेल्या माणसांनी तो पाळला, हेही विसरता येत नाही. लक्षपूर्वक पाहण्यातून आदर उपजतो आणि आदरातून संयम. संत थॉमस ज्याला अभ्यासशीलता म्हणतात, ती ही असावी.

उत्पत्तीच्या ग्रंथातील पहिल्या अध्यायात परमेश्वर वरचे जल आणि खालचे जल वेगळे करतो. वरच्या जलाची कथा आपण पाहिली. आता खालच्या जलाकडे वळू.

जमिनीवर उष्णतेची लाट येते तशी ती सागरातही येते. एखाद्या ठिकाणच्या पाण्याचे तापमान, त्याच जागी त्याच दिवसांत गेल्या तीसएक वर्षांत झालेल्या नोंदींपैकी शेकडा नव्वद नोंदींच्या वर चढले आणि सलग पाच किंवा अधिक दिवस तेथेच राहिले, तर त्याला सागरी उष्णतेची लाट म्हणावे, अशी व्याख्या २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडली. वारा पडतो, ऊन तापते, वरचे पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही आणि उष्णता पृष्ठभागावर साठून राहते. अशा लाटा पूर्वीही येत. परंतु मनुष्याने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकून राहते, तिच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सागर आपल्या पोटात घेतो. ज्याच्या अंगात आधीच कणकण आहे त्याला थोड्या निमित्ताने तीव्र ज्वर चढावा, तसे हे होते.

या ज्वराचे परिणाम मोजले गेले आहेत. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात अशी प्रचंड लाट होती. अन्नसाखळी कोसळली आणि अलास्कात पाण्यात सूर मारून मासे पकडणाऱ्या एका जातीचे सुमारे चाळीस लाख समुद्रपक्षी उपासमारीने मेले. तेथील त्यांच्या संख्येचा हा जवळजवळ अर्धा भाग होता. त्यानंतर बेरिंग समुद्रात २०१८ व २०१९ साली पाणी तापले आणि स्नो क्रॅब जातीचे एक हजार कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाले. ऊबदार पाण्यात त्यांच्या देहाची भूक वाढली आणि अन्न पुरले नाही, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. २०२२ साली तेथील त्या खेकड्यांची पकड प्रथमच बंद करावी लागली. २०२३ साली जगभर सुरू झालेल्या उष्णतेत प्रवाळ इतक्या विस्तृत प्रमाणात पांढरे पडले की, अशी जागतिक आपत्ती चौथ्यांदा ओढवल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले.

हे सारे परक्या समुद्रांतले म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१८ या काळातील नोंदी तपासल्या. पश्चिम हिंदी महासागरात सागरी उष्णतेच्या ६६ लाटा आणि बंगालच्या उपसागरात ९४ लाटा त्यांना आढळल्या. पश्चिम भागात त्यांची संख्या दर दशकाला सुमारे दीडने वाढते आहे. या लाटांमुळे मध्य भारतावरील मोसमी पाऊस घटतो, असेही त्यांना दिसले. म्हणजे समुद्राचा ताप शेताच्या बांधापर्यंत येतो. मे २०२० मध्ये तमिळनाडूजवळ मन्नारच्या आखातातील सुमारे ८५ टक्के प्रवाळ पांढरे पडले. त्यानंतर २०२३च्या अखेरीपासून लक्षद्वीपच्या भोवती महिनोनमहिने पाणी तापलेले राहिले आणि तेथील प्रवाळांचीही तीच गत झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्ञान दोन प्रकारचे आहे, असे म्हणता येईल. एक केवळ नम्र करणारे, दुसरे उत्तरदायी करणारे. शनीच्या कड्यांचे ज्ञान पहिल्या प्रकारचे. तापलेल्या सागराचे दुसऱ्या प्रकारचे. दोन्ही आवश्यक आहेत. आपला दोष असा की, दुसऱ्या प्रकारचे ज्ञान आपण पहिल्या प्रकारच्या ज्ञानासारखे वागवितो. प्रवाळ पांढरे पडल्याची चित्रे आपण दूरदर्शनवर पाहतो, हळहळतो आणि पुढचा कार्यक्रम लावतो. दूरच्या ग्रहाकडे ज्या अलिप्ततेने पाहायचे, त्या अलिप्ततेने आपण दाराशी असलेल्या दर्याकडे पाहू लागलो आहोत. संत थॉमस यांच्या अर्थाने दूषित कुतूहल कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही शनीकडे नव्हे, या पाहण्याकडे बोट दाखवू.

नीतिशास्त्रात अज्ञानाचेही दोन प्रकार शिकविले जातात. जे अज्ञान माणसाला दूर करताच येत नाही ते त्याला दोषमुक्त करते. जे थोड्या प्रयत्नाने दूर झाले असते, ते करीत नाही. आपल्या आजोबांना सागराच्या या ज्वराविषयी काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्यावर ठपका नाही. आपल्याला मात्र पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रातून आणि पुन्हा २०२३ साली 'लाउदाते देउम' या आवाहनातून स्पष्ट सांगितले. शास्त्रज्ञांनी आकडे दिले. यापुढे जे अज्ञान उरेल ते निवडलेले अज्ञान असेल.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. सागर तापविला धनाढ्य राष्ट्रांनी. भारतातील माणसामागे पडणारा धूर जगाच्या सरासरीहून बराच कमी आहे. मग आमच्या कोळी बांधवाने कशाचे प्रायश्चित्त घ्यायचे? आक्षेप खरा आहे आणि तो जगाच्या व्यासपीठावर ठासून मांडलाच पाहिजे. पाणी तापले की मासा खोल किंवा दूर जातो, होडीचे डिझेल वाढते, जाळे हलके येते. आणि ज्याने सर्वांत कमी बिघडविले त्याच्या ताटातील घास प्रथम जातो. हा अन्याय आहे. पण आपण सारे कोळी नाही. आपल्या धर्मग्रामांतही ज्याच्या घरी प्रत्येक खोलीत एअरकंडिशनर आहे तो आणि ज्याचे पोट भरतीओहोटीवर आहे तो एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकतात. राष्ट्राराष्ट्रांमध्ये जो न्याय आपण मागतो, तो त्या बाकावरही लागू होतो. सरासरीच्या आड लपण्याचा हक्क श्रीमंताला नाही, मग तो कोणत्याही देशाचा असो.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रायश्चित्त संस्कारापूर्वीच्या आत्मपरीक्षणात निर्मितीविषयीचा एक प्रश्न असावा: माझ्या सुखासाठी मी काय जाळतो आणि त्याची झळ कोणाला लागते? लग्नसमारंभातील रोषणाई आणि अन्नाची नासाडी यांविषयी प्रत्येक धर्मग्रामाने आपली मर्यादा ठरवावी. किनाऱ्यावरील तिवरांची झाडे वाढताना कार्बन शोषून घेतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात; ती तोडून भराव घातला जात असेल तर गप्प बसू नये. मासळीच्या दुष्काळात कोळी कुटुंबांच्या पाठीशी उभे राहणे ही दया नसून देणे आहे, असे समजावे. यांतील एकाही गोष्टीने सागर उद्या थंड होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु कर्तव्य यशाच्या खात्रीवर अवलंबून नसते. एन्सेलाडसवर जीव आहे अशी खात्री तरी कोणाला होती?

आणि एखाद्या घरातील मुलगा वा मुलगी आकाशाचे वेड घेऊन बसली असेल, तर तिला 'गरिबांचा विचार कर' म्हणून गप्प करू नये. सप्टेंबर २०२५ पासून व्हॅटिकनच्या वेधशाळेचे संचालकपद येशूसंघाच्या गोवा प्रांतातील फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आहे. दीर्घिकांचा अभ्यास हे त्यांचे क्षेत्र. आकाश न्याहाळणे ख्रिस्तसभेने कधी पोरखेळ मानले नाही. ज्या डोळ्यांना दूरचे लक्षपूर्वक पाहण्याची सवय लागते, त्यांना जवळचेही तसेच पाहावयास शिकविणे, हे घराचे आणि धर्मग्रामाचे काम आहे.

ईयोबाच्या ग्रंथातील अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर वादळातून बोलतो. सागराला दारे कोणी लावली, हे तो ईयोबाला विचारतो, आणि त्याच भाषणात कृत्तिका व मृगशीर्ष या नक्षत्रांविषयीही विचारतो. ईयोबाजवळ कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्याने आपल्या तोंडावर हात ठेवला. आज नक्षत्रांविषयी थोडे आणि सागराविषयी बरेच आपण सांगू शकतो. तेव्हा ईयोबाचे मौन आपल्याला शोभणार नाही. मासेमारीच्या हंगामाच्या आरंभी आम्ही धर्मगुरू किनाऱ्यावर जातो, होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतो आणि जाळी भरून येवोत अशी प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत होडीखालचे पाणीही आले पाहिजे. आणि घरी परतल्यावर त्या पाण्याला बाधेल असे आपण काय करतो, याचा हिशेब आशीर्वाद देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही मांडला पाहिजे.